चोविसावं कार्ड

१

या, पुढं सरकून बसा. मागं खांबाला टेकलात की डोळे मिटतात, आणि आजच्या आख्यानात डोळे उघडे ठेवणाऱ्यालाच चोर दिसतो. आमचे बुवा आधी निरूपण करतात, ऐकणाऱ्याचं मन मऊ झालं की मग गोष्ट लावतात. मला तेवढा धीर नाही. गोष्ट चोरीची आहे, मोहर्लीत भरदिवसा उघडकीला आलेली. तिच्यातली माणसं एकमेकांना वाईटसाईट बोलतात, ते मी गाळणार नाही. देव त्यांचं भलं करो.

ताडोब्याच्या फाटकाच्या अलीकडे अजयभाऊंचं गेस्ट हाऊस आहे. गेल्या हिवाळ्यात तिथल्या हॉलमध्ये एका ॲपचं उद्घाटन व्हायचं होतं. ॲपचं नाव 'संच'. खेळाडूंची जुनी कार्डं जमवणाऱ्यांसाठी ते बनवलेलं. आपल्याकडच्या कार्डाचा फोटो काढायचा, ॲप ते ओळखतं, नीट करून पडद्यावरच्या फळीवर मांडतं, आणि कोणाच्या संचात कोणतं कार्ड कमी आहे ते सगळ्यांना दिसतं. पैसा अजयभाऊंचा. आतली यंत्रणा चंद्रपूरच्या राजदीपची. पडद्यावर काय कुठे दिसायचं ते दिव्यानीनं रेखलेलं. आणि जुनं कार्ड खरं की खोटं हे सांगायला मूल गावचे भातगिरणीवाले अंकुशसेठ. त्यांच्याइतकी कार्डं चांद्यापासून सिरोंच्यापर्यंत कोणाकडे नाहीत.

उद्घाटनाचा मान मिळाला होता 'रानगडी' संचाला. १९८९ साली चितळ छाप बिडीच्या कट्ट्यात एकेक कार्ड निघायचं, आपल्याच दोन जिल्ह्यांतल्या कबड्डीपटूंचं. एकूण चोवीस गडी. शेवटचं, चोविसावं कार्ड छापलं गेलं आणि कारखाना बंद पडला. त्यामुळे तेवीस कार्डं कुठं ना कुठं सापडतात; चोविसावं एकाच घरात उरलं होतं, कुरखेड्याच्या रुखमाबाईच्या. कारण त्यावरचा गडी श्रावण, तिचा नवरा.

आणि हे आताच सांगून ठेवतो, श्रावणचा दुसरा फोटो जगात नाही. लग्नातला होता, तो वाळवीनं खाल्ला. १९९६ साली श्रावण सिरोंच्याकडे सामना खेळायला निघाला, आलापल्लीच्या स्टँडवर पाणी प्यायला उतरला, आणि तिथून पुढं कोणाला दिसला नाही. रुखमाबाईनं वाट पाहणं सोडलं नाही. दिरांनी दिवस घालायचं म्हटलं, तिनं त्यांना अंगणाबाहेर काढलं. त्याच्या चेहऱ्याचं म्हणून तिच्याजवळ ते एक कार्ड होतं, आणि ते तिनं पंधरा दिवसांसाठी या लोकांना दिलं होतं.

उद्घाटन चार वाजता. अकराच्या एसटीनं रुखमाबाई आली. सोबत वच्छलाबाई रामटेके, कुरखेड्याच्या निवृत्त पोस्टमास्तरीण. रुखमाबाईच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती सरळ काचेच्या कपाटाशी गेली, दार उघडायला लावलं, कार्ड हातात घेतलं. श्रावण चढाईला निघालेला, हात पुढे, कपाळावर वाळलेल्या गंधाचा पिवळट ठिपका. तिनं ते बराच वेळ पाहिलं. मग कपाटात टाकून दिलं.

"हे माहं नाई."

"आजी, चष्मा लागला असंन तुमाले," अजयभाऊ हसले.

"चष्मा तुह्या बापाले लाव. हे माहं नाई म्हनलं न."

राजदीपनं घाईघाईनं मोबाइल धरला. ॲपनं क्षणभर विचार केला आणि हिरवी खूण दाखवली. "बाई, मशीन म्हणते तुमचंच आहे. अठ्ठ्याण्णव टक्के जुळते."

"मशीननं कापलं होतं का कार्ड? म्या कापलं. बिडी कारखान्यात ऐतवारी आमाले मोठे कागद देत, पत्र्याचा साचा ठेवून कैचीनं कापाले. ह्याची खालची बाजू माह्याच हातून तिरपी गेली होती. मुकादमानं शिव्या देल्ल्या होत्या. हे तं पाटीसारखं सरळ आहे."

अंकुशसेठ सोफ्यावरून उठलेही नाहीत. "तीस-पस्तीस वर्षांआधीची कैची आठवते म्हणे. हिले काही पाहिजे असंन, देऊन टाका अन् वाटेला लावा."

रुखमाबाई त्यांच्याकडे वळली. "मले माहा मानूस पाह्यजे. कुठी ठेवला, सांग."

२

वच्छलाबाई आता पुढे आल्या. चौतीस वर्षं टपाल हाताळलेली बाई. त्यांची एक सवय. पाकीट कोणाला जायचं हे त्या नंतर बघत, आधी ते कुठून निघालं ते शोधत.

"राजदीप, अठ्ठ्याण्णव टक्के म्हणतो. दोन टक्के कुठी गेले?"

"डाग-बिग असते बाई. तेवढं चालते."

"आणि कार्ड आणल्यावर पहिला फोटो काढला, तो आहे? ॲपनं हात लावायच्या आधीचा?"

राजदीपनं लॅपटॉप उघडला. मूळ फोटो पडद्यावर आला. कार्डाची खालची कड डावीकडून उजवीकडे उतरत गेलेली, नखभर तिरपी. मग त्यानं ॲपमधलं चित्र शेजारी ठेवलं. कडा चारही बाजूंनी सरळ.

"ॲप सगळ्या कार्डांच्या कडा सरळ करते," दिव्यानी हळूच म्हणाली. "फळीवर एकसारखी दिसावी म्हणून. मीच तसं ठेवलं."

म्हणजे कपाटातलं कार्ड खऱ्या कार्डावरून बनलेलं नव्हतं. ॲपमधल्या चित्रावरून कोणीतरी छापून घेतलं होतं आणि खरं उचललं होतं. हॉलच्या कोपऱ्यात दिव्यानीचा रंगीत प्रिंटर उभा होता, जाड कागदाची थप्पी शेजारीच. चार दिवस चौघंही इथंच मुक्कामाला, आणि तो सगळ्यांसाठी मोकळा.

आता अंकुशसेठ उठले. "मंग विचारता कोणाले? कार्ड घेऊन कोण आलं? हा. कपाटाची किल्ली कोणाजवळ? ह्याच्याजवळ. बोल बे, कुठी विकलं?"

"नीट बोला सेठ."

"तुह्याशी नीट? ज्याच्या घरात कधी सुपारीचं खांड जमवलं नाई, त्याले कार्डाची काय कदर!"

"माह्या घरात पुस्तकं जमवली आहेत," राजदीप म्हणाला. "तुम्ही वाचली असती तं बोलणं शिकले असते."

"गप बसा दोघंही!" अजयभाऊ कडाडले. "चार वाजता नागपूरची माणसं येऊन राह्यली. राजदीप, साडेतीनपर्यंत कार्ड इथी नाई दिसलं तं तुह्या नावानं पोलिसात जातो मी. ॲप गेलं खड्ड्यात, तू पण जा."

वच्छलाबाईंनी घड्याळ पाहिलं. सव्वाबारा. "तवरक मले द्या. एकेकाले बाहेर पाठवा. जो नाई येणार त्याचं नाव मीच पोलिसाले सांगीन."

३

मोहाच्या झाडाखाली दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. पहिली दिव्यानी आली, डोळे लाल.

"प्रिंटर माझा आहे म्हणून मी चोर, असंच ना?"

"असं मी म्हणलं का? ॲप दाखव मले. तू बनवलं ते अभिमानानं दाखव."

दिव्यानीनं मोबाइल पुढे केला. चोवीस गड्यांची फळी. श्रावणवर बोट ठेवलं की त्याचं चित्र मोठं व्हायचं, कपाळावर मधोमध 'संच'चा गोल शिक्का.

"हा ठिपका कशाचा?"

"चित्र कोणी चोरू नये म्हणून. सगळ्या कार्डांवर त्याच जागी येतो. श्रावणभाऊंच्या नेमका कपाळावर आला, मला वाईट वाटलं. माझ्याजवळ अन् राजदीपजवळ बिनशिक्क्याचे मूळ फोटो आहेत. बाकीच्यांना ॲपमध्ये दिसतं तेवढंच."

चित्राखाली माहितीचा तक्ता होता. वच्छलाबाईंनी वाचला आणि त्यांचा आवाज बदलला. "दिव्यानी, हे काय लिहिलं? 'दिवंगत, १९९६'?"

पोरीनं मान खाली घातली. "फॉर्ममध्ये दोनच खण आहेत बाई. हयात आणि दिवंगत. एक भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. रुखमाबाईंशी मी फोनवर दीड तास बोलले, मला सगळं ठाऊक होतं. पण हयात लिहायला पुरावा मागतो आम्ही. नंतर दुरुस्त करीन म्हटलं आणि राहिलं. त्यांना वाचता येत नाही म्हणून… मी सांगितलं नाही."

"वाचता येत नाई म्हणून सांगितलं नाई," वच्छलाबाई म्हणाल्या. "वा."

दिव्यानी रडतच आत गेली.

राजदीप आला तो भांडायच्या तयारीनं. "तुम्हीही तेच विचारणार. विचारा. कार्ड मी आणलं, स्कॅन केलं, परवा कपाटात ठेवलं, किल्ली खुंटीला टांगली. खुंटी सगळ्यांना दिसते. कालपासून कपाटाकडे ढुंकून पाह्यलं नाही, काम होतं."

"कुरखेड्याले एकटाच गेला होता?"

"अजयभाऊंच्या जिपेत. ते दारातच उभे होते, घाई करत."

अजयभाऊ बसलेच नाहीत. "ह्या बुढीचं एक कार्ड, अन् माह्या दोन वर्षांचं वाटोळं! त्या दिवशीच तिनं मले वैताग आणला. म्हणते, तुमच्या फाटकावर साऱ्या मुलखातले लोक येते, माहा मानूस दिसला का? डाव्या हाताचं बोट वाकडं आहे म्हणे. मी वाघ दाखवतो बाई, हरवलेली माणसं नाई."

"असं तिले म्हणले?"

"म्हणलो. मंग काय करू, रडू?"

शेवटी अंकुशसेठ. ते निवांत बसले, पाय पसरून.

"तुमच्याजवळ तेवीस आहेत म्हणे," वच्छलाबाई म्हणाल्या.

"तेवीस. एकेकासाठी गावोगाव फिरलो. लोकायनं धान्याच्या कोठीत टाकली होती, लेकरायनं मिशा काढल्या होत्या. मी नसतो तं एक राह्यलं नसतं."

"चोविसाव्यासाठी कुरखेड्याले गेले नाई?"

"दोनदा माणूस पाठवला. थे बुढी दारातूनच हाकलते. मी कायले जाऊ तिच्या दारी? ॲपात आलं तवा पाह्यलं पहिल्यांदा." ते पुढे झुकले. "बाई, तुम्ही पोस्टात होत्या, तिकिटं चिकटवली. ह्यात पडू नका. तो पोट्टा चोर आहे, अन् तुम्ही त्याले आपला समजून वाचवून राह्यल्या."

वच्छलाबाई उठल्या. हॉलकडे जाताना त्यांना काचेतून रुखमाबाई दिसली. ती कपाटातल्या खोट्या कार्डाकडे पाठ करून बसली होती, आणि पदराच्या टोकानं आपल्या कपाळावरचं कुंकू सावरत होती.

वच्छलाबाई तिथंच थांबल्या. मग भराभर आत गेल्या.

४

तीन वाजले होते. सगळे उभे. वच्छलाबाईंनी खोटं कार्ड टेबलावर ठेवलं.

"ह्याच्या कपाळावर गंध आहे. राजदीप, मूळ फोटोत आहे?"

"नाही."

"तुह्या मशीनचे दोन टक्के इथी आहेत. आता सांगा, नक्कल करणारा माणूस मुळात नाई ते कायले टाकीन?"

"जुनं दिसाले," अजयभाऊ म्हणाले. "घरचं वाटावं म्हणून."

"ते बरोबर. पण नेमकं तिथीच काऊन?" त्यांनी दिव्यानीचा मोबाइल शेजारी ठेवला. शिक्का आणि गंध, दोन्ही एकाच जागी. "चोरानं ॲपातून चित्र घेतलं, त्यावर हा शिक्का होता. खरवडला, तं कपाळ पांढरं पडलं. ते झाकाले गंध लावलं. म्हणजे त्याच्याजवळ बिनशिक्क्याचा फोटो नव्हता. राजदीप अन् दिव्यानीजवळ होता. त्यायले कपाळ झाकायची गरज नव्हती."

अंकुशसेठ फणकारले. "हुशार चोर मुद्दाम करीन तसं!"

"मुद्दाम करणाऱ्यानं कडपण तिरपीच ठेवली असती सेठ, म्हणजे बाईनं ओळखलंच नसतं. ते राहू द्या. उरले दोघं. अजयभाऊ अन् तुम्ही."

"ओ बाई!" अजयभाऊ पुढे आले. "माह्या घरात उभं राहून मले चोर म्हणता?"

"नाई म्हणत. उभे राहा अन् ऐका. फोटोच्या कपाळाले गंध कोणाच्या लावते आपल्याकडं? मेलेल्याच्या. ज्यानं हा ठिपका लावला, त्याच्या मनात पक्कं होतं की श्रावण मेला अन् त्याची बायको देव्हाऱ्यात ठेवून गंध लावत असंन. त्याले वाटलं, ह्याच्यानं तं कार्ड आणखी खरं दिसंन. पण जो माणूस रुखमाच्या दारात उभा राह्यला, तिचं कुंकू पाह्यलं, ज्याले तिनं विचारलं का माहा मानूस दिसला का, तो असं कसं करीन? अजयभाऊले तिनं विचारलं होतं. त्यांनी तिले वाईट उत्तर देल्लं, पण श्रावणची वाट पाहून राह्यली हे त्यायले माईत होतं."

वच्छलाबाई वळल्या.

"सेठ, साधी गोष्ट विचारते. श्रावणभाऊ कधी वारले?"

"शहाण्णवमध्ये," अंकुशसेठ ताबडतोब म्हणाले. "साऱ्यायले माईत आहे."

सगळ्यांच्या नजरा रुखमाबाईच्या कुंकवाकडे गेल्या. सेठांनी एकेकाकडे पाहिलं. आवाज चढला. "काय झालं? ॲपातच लिहिलं आहे न! दिवंगत, १९९६!"

"दिवंगत म्हंजे का?" रुखमाबाईनं विचारलं.

दिव्यानी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. राजदीप जमिनीकडे पाहू लागला. शेवटी वच्छलाबाईंनी सांगितलं.

रुखमाबाई उठली. मला वाटतं, माझ्या विठ्ठलानं त्या वेळी तिला धरून ठेवलं असावं, कारण ती अंकुशसेठांच्या अगदी जवळ गेली आणि तिनं हात उचलला नाही.

"तूनं त्याले मारला. कागदावर मारला, अन् वरून गंध लावलं. माह्या दिरायची हिंमत झाली नाई इतल्या वर्षांत."

"तुमच्या डब्यात सडलं असतं ते कार्ड!" सेठ ओरडले. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. "उंदरायनं खाल्लं असतं! तीस वर्षं म्या ह्या गड्यायले जपलं. एक जागा रिकामी, फक्त एक! तुम्ही मेल्यावर कोण सांभाळणार होतं?"

"तेवीस जणायले जपलं म्हनतो. एकाच्या तरी घरी गेला का? माह्या दारात पाय ठेवला असता तं माहं कपाळ दिसलं असतं तुले."

अजयभाऊंनी हात पुढे केला. गाडीची किल्ली मागितली. सेठांनी दिली नाही, फेकली. गाडीत मागच्या सीटवर चामड्याचा अल्बम होता. शेवटच्या पानावर, चोविसाव्या खणात, तिरप्या कडेचं कार्ड. अजयभाऊंनी ते आणून रुखमाबाईच्या हातावर ठेवलं आणि प्रथमच तिला आजी न म्हणता बाई म्हणाले. "बाई, तुमचं."

तिनं कार्ड घेतलं, पदरात गुंडाळलं. त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

५

साडेतीन वाजता अंकुशसेठांची गाडी मूलच्या रस्त्याला लागली होती. अजयभाऊ फोनवर नागपूरच्या लोकांना उशिरा या म्हणून सांगत होते. दिव्यानी रुखमाबाईच्या पायाशी बसली.

"बाई, चूक माझी. मी आत्ताच्या आत्ता ते काढते. श्रावणभाऊंचं सगळंच काढून टाकते ॲपमधून. तुमचा फोटो कोणाला दिसणार नाही."

"काढजो नाई."

दिव्यानीनं वर पाहिलं.

"म्या कार्ड काऊन देल्लं होतं? तुमच्या कवतिकासाठी?" रुखमाबाईचा आवाज अजून कडवटच होता. "राजदीप म्हने, आमच्या फोनातून हजारो लोकायले दिसन. नागपूर, हैदराबाद, कुठी कुठी. पोस्टात दर शनिवारी जाऊन पाह्यलं, ह्या वच्छलाबाईले पिडलं, कागद काई आला नाई. म्हनलं, आता त्याचं तोंडच पाठवून देऊ. कोनी तरी ओळखीन. म्हनून देल्लं. अन् तुमी त्याच्या खाली लिहिलं मेला म्हनून. मंग कोन शोधते त्याले? मेलेल्याले कोनी शोधते का?"

राजदीपनं लॅपटॉप ओढून घेतला. दोन खणांचा तो फॉर्मच त्यानं मोडला. उगाच क्षमा मागत बसला नाही, हे मला त्याचं आवडलं. "बाई, तिथं काय लिहू? तुम्ही सांगा, मी तुमच्याच शब्दांत लिहितो."

तिनं पदर सोडून कार्ड मांडीवर घेतलं. मग सांगत गेली, एक एक गोष्ट, जशी बाई बाजाराला निघालेल्या माणसाला सांगते. राजदीप लिहीत होता. वच्छलाबाईंनी चष्मा काढून ठेवला.

पाच वाजता नागपूरची मंडळी आली. अजयभाऊंनी उद्घाटनाची लाल फीत न कापता टेबलावरच राहू दिली. पाहुण्यांनी आपापल्या मोबाइलवर चोविसावं कार्ड उघडलं आणि खाली वाचलं. एक म्हातारा पाहुणा तर दोनदा वाचून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला.

रुखमाबाई तोपर्यंत कुरखेड्याच्या वाटेला लागली होती. कार्ड पदरात, वच्छलाबाई शेजारी. चहाला थांबा म्हटलं, थांबली नाही. दिव्यानी रस्त्यापर्यंत गेली, तिला हाताच्या इशाऱ्यानं मागे वळवलं.

तुमच्यापैकी कोणी कार्डं जमवत नसेल, ॲपही उघडणार नाही. म्हणून तिनं सांगितलेलं मी पाठ केलं आहे, तेवढं ऐकून जा. श्रावण, कुरखेड्याचा. आता सहासष्टीचा असेल. उंच, खांदे रुंद, चालताना उजवा पाय जरा फेकतो. डाव्या हाताचं मधलं बोट वाकडं, पकडीत मोडलेलं. पाणी पिताना डोळे मिटतो. रागावून गेला असेल तर राग नाही. आजारी असेल तर कोणी घेऊन या. घर तेच आहे, दार पश्चिमेला केलं आहे, तेव्हा पूर्वेला शोधू नये.

स्टँडवर, देवळाच्या पायरीवर, कुठल्या भजनात मागच्या रांगेत असा माणूस पाणी पिताना दिसला, तर त्याच्या बोटांकडे एकदा पाहा. आणि तोवर, माझी एवढी विनंती आहे, श्रावणला लक्षात असू द्या.